‘चुकीचा संदेश जातो’ म्हणजे नेमका कुणाकडे जातो?

*अक्का, नमस्कार. मी सोलापुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, हुशार आणि शांत. परिपाठाला ती रांगेत ताठ उभी राहते, पण राष्ट्रगीत म्हणत नाही, प्रतिज्ञाही म्हणत नाही. प्रार्थनेला हात जोडत नाही. तिच्या घरचे ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे आहेत. हे मला जूनपासून माहीत होतं, मी काही बोलले नव्हते. यंदा 26 जानेवारीला एका पालकाने राष्ट्रगीत चालू असताना तिचा व्हिडिओ काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून रोज फोन. मुख्याध्यापक म्हणतात, ‘चार हुतात्म्यांच्या गावात हे चालणार नाही, चुकीचा संदेश जातो.’ तिच्याकडून लेखी खुलासा घ्या, असं त्यांनी मला सांगितलंय. खरं सांगू? मलाही ते टोचतं. राष्ट्रगीत सुरू झालं की माझा गळा दाटून येतो आणि नेमके तेवढ्यात ते मिटलेले ओठ दिसतात. परवा तिला म्हटलं, ‘अगं, नुसते शब्द तर आहेत, म्हणून टाक ना.’ ती रडली, पण म्हणाली नाही. माझं काय चुकतंय? मी काय करू?*

*– एक वर्गशिक्षिका, जुळे सोलापूर*

बाई,

खुलासा घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. पोरीच्या हातचा कागद एकदा फायलीला लागला की तो कागद बोलायला लागतो आणि पोरगी गप्प होते. आज ना उद्या कुणीतरी तो उघडून म्हणणार, ‘बघा, तिनेच कबूल केलंय.’ सातवीतल्या मुलीने कबूल करावं असं इथे काहीच घडलेलं नाही. मुख्याध्यापकांना काही विचारायचंच असेल तर आईवडिलांना बोलवा, खुर्ची द्या, चहा पाजा आणि विचारा.

आता कायद्याचं. हे तुम्हाला पाठ असलं पाहिजे, कारण फोनवर तावातावाने बोलणाऱ्या माणसाला भावनेने उत्तर देता येत नाही. तुमच्या शाळेत चाललंय ते चाळीस वर्षांपूर्वी केरळमध्ये जसंच्या तसं घडून गेलंय. याच पंथाची तीन भावंडं होती. परिपाठाला उभी राहायची, गायची नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीही तसंच करून शाळेतून बाहेर पडल्या होत्या आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग जुलै 1985 मध्ये एका आमदारांच्या ते लक्षात आलं. विधानसभेत प्रश्न आला, चौकशी समिती नेमली गेली. समितीने सांगितलं की मुलं सरळ आहेत, राष्ट्रगीताचा अनादर करत नाहीत. तरी वरून सूचना आली आणि मुलांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. शेवटी 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात मुलांना परत घ्यायला सांगितलं. निकाल न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलाय. राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असं कुठलाही कायदा सांगत नाही, ते चालू असताना आदराने उभं राहणं हाच योग्य मान, आणि मनापासूनच्या धर्मश्रद्धेमुळे न गाणाऱ्याला गायला लावणं म्हणजे संविधानाच्या कलम 19 (अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य) आणि कलम 25 (धर्माचं स्वातंत्र्य) यांचा भंग, असं त्यात आहे. शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने ते हक्क काढून घेता येत नाहीत, हेही आहे. परिपत्रकाला आपण शिक्षक किती भितो हे मला माहीत आहे. एकतीस वर्षं मीही भीतच काढली.

आणखी एक. 1971 चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाबद्दलचा कायदा आहे ना, ज्याचं नाव फोनवर घेतलं जात असेल, त्यात राष्ट्रगीत मुद्दाम रोखणं किंवा ते म्हणणाऱ्या जमावात गोंधळ घालणं हा गुन्हा आहे. तुमची मुलगी सावधान उभी होती. त्या बावन्न सेकंदांत कोण सावधान नव्हतं आणि कुणाच्या हातात मोबाइल होता, हे तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलंय. मी त्या पालकाला गुन्हेगार म्हणत नाही. फक्त आठवण करून देते.

प्रार्थनेला हात न जोडण्याचं वेगळं आहे आणि ते आणखी सोपं आहे. संविधानाचं कलम 28 सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या, आणि तो लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. नाशिकच्या एका शिक्षकांनी प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली होती. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिक्षकाला जे लागू, ते विद्यार्थिनीला का नको?

कायदा इथे संपला. पण तुम्ही मला कायदा विचारलेला नाहीच. तुम्हाला टोचतंय, त्याचं काय करायचं हे विचारलंय.

‘चुकीचा संदेश जातो.’ हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याची चालसुद्धा पाठ झालीय. कुणी बोलायचं टाळलं की संदेश जातो, बोललं तरी जातो. तुम्ही बी.एड.ला ती आकृती काढली असेल: प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, मध्ये बाण. ती मुळात क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये टेलिफोनच्या तारांचा विचार करताना मांडली. तारेतून आवाज स्वच्छ जावा, खरखर कमी व्हावी, एवढीच त्यांची अडचण होती. आपण ती उचलून परिपाठाच्या मैदानावर आणली. त्या आकृतीप्रमाणे पाहिलं तर तुमची मुलगी म्हणजे तुटलेली तार. बाकी साठ तारांतून देशभक्ती येतेय, एकीतून येत नाही, दुरुस्ती करा. मुख्याध्यापकांना असंच दिसतंय.

पण मला सांगा, राष्ट्रगीतातून तुम्ही कुणाला काय कळवता? भारत नावाचा देश आहे ही बातमी मैदानावर कुणाला नवीन असते? जेम्स कॅरी नावाचे एक अमेरिकन अभ्यासक 1975 च्या सुमारास म्हणाले होते की संवादाचं एक रूप माहिती पोचवण्याचं असतं आणि दुसरं विधीचं असतं. दुसऱ्यात कुणी कुणाला काही सांगत नाही, सगळे मिळून एका गोष्टीत सामील होतात. आपल्याला हे सांगायला अमेरिकेहून माणूस यायला नको होता. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आपण दरवर्षी नंदीध्वज बघायला जातो, ते काय माहिती मिळवायला? ध्वज किती उंच आहेत ते सगळ्यांना ठाऊक असतं. आरतीचे शब्द कुणी बातमी म्हणून ऐकत नाही. आणि म्हणूनच आरतीत टाळी न वाजवणारा माणूस लगेच डोळ्यांत येतो, हेही खरं.

तुमचं टोचणं इथलं आहे, बाई. तुम्हाला राष्ट्रगीत आरतीसारखं वाटतं. तुमचा गळा दाटतो तो त्यामुळेच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण नीट बघा, त्या मुलीलाही ते आरतीसारखंच वाटतंय. तिच्या घरच्यांचं म्हणणं तेवढंच आहे की ही उपासना आहे आणि उपासना आम्ही फक्त देवाची करतो. तिच्या धर्माशी तुम्ही सहमत होऊ नका, मीही नाही. पण राष्ट्रगीत ही किती भारी गोष्ट आहे, याबाबतीत मैदानावर तुमच्याशी सगळ्यात जास्त सहमत कोण असेल तर ती. बाकीची पोरं ‘पंजाब सिंध’ला पोचेपर्यंत पुढच्याच्या कॉलरशी खेळत असतात. ही मुलगी मात्र प्रत्येक शब्द इतका गंभीरपणे घेते की तो तोंडातून काढायचा तर आधी देवाशी हिशेब करावा लागतो. आणि अशा मुलीला तुम्ही म्हणालात, ‘नुसते शब्द तर आहेत.’

तुमचं चुकलं असेल तर या एका वाक्यात. मुलीपेक्षा राष्ट्रगीताचा अपमान त्यात जास्त झाला.

प्रतिज्ञेचं तर आणखी पुढचं आहे. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानांवर छापलेली असते, काढून वाचा. ‘माझा’, ‘माझे’, ‘माझ्या’, ‘मला’, ‘मी’ हे शब्द मोजा. मी मोजले, 14 आले. ‘माझ्या देशावर माझे प्रेम आहे’ या एका ओळीतच दोन. राष्ट्रगीतात ‘मी’ एकदाही नाही. तिथे सगळं ‘तव’: तव शुभ नामे, तव शुभ आशिष मागे. कुणाला तरी हाक मारून आशीर्वाद मागणं आहे ते, त्यामुळे त्या घराला तिथे उपासना का दिसते हे समजू शकतं. प्रतिज्ञेत देव कुठेच नाही. तिथे अडचण वेगळी आहे. तिथे ‘निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करत आहे’ असं आहे.

जे. एल. ऑस्टिन नावाचे इंग्रज तत्त्वज्ञ होते. काही वाक्यं सांगत नाहीत, करतात, असं ते म्हणायचे. ‘पाऊस पडतोय’ हे सांगणं झालं. ‘पैज लावतो’ म्हटलं की पैज लागली, आणि बारशाला नाव उच्चारलं की नाव ठेवलं गेलं. ‘मी प्रतिज्ञा करत आहे’ हे असलंच वाक्य आहे. पण अशा वाक्याला अटी असतात. नाटकात भटजींनी मंत्र म्हटले म्हणून नटनटी नवराबायको होत नाहीत. आता मला सांगा, वर्गशिक्षिका शेजारी उभी आहे, मुख्याध्यापकांच्या टेबलावर खुलासा आहे, ग्रुपवर व्हिडिओ आहे, आणि ती मुलगी एकदाची म्हणाली, ‘मी प्रतिज्ञा करत आहे.’ प्रतिज्ञा झाली का? कुणाची झाली? ते चौदा ‘मी’ तिच्या तोंडात दुसऱ्याने घातलेले असतील तर ते तिचे कसे?

आपल्या गावात तर ही प्रतिज्ञा आणखी जवळून बघायला हवी. पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती 1962 मध्ये तेलुगूत लिहिली. ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. 26 जानेवारी 1965 पासून ती देशभर म्हणायला सुरुवात झाली. म्हणजे आपण जिला इतकी मराठी समजतो ती भाषांतर आहे, आणि मूळची भाषा आपल्या पूर्व भागात साडीच्या आणि चादरीच्या मागांशेजारी घरोघरी बोलली जाते. मी तिथे शिकवत असताना हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर एखाद्या आजीला वर्गात बोलावून म्हणायला लावलं असतं.

त्याच शाळेतली माझी एक गोष्ट सांगते, फार अभिमानाची नाही. परिपाठात प्रतिज्ञा पुढे उभं राहून म्हणायची पाळी हजेरी क्रमांकाने फिरायची. एक मुलगा होता, पाळी आली की ‘प्रत्येकाशी’ला अडायचा. प्र, प्र, प्र. पोरं हसायची. मला वाटायचं मुद्दाम करतो, कारण रोज रांगेत सगळ्यांबरोबर तो अख्खी प्रतिज्ञा घडाघडा म्हणायचा, एकही अक्षर अडत नसे. एके दिवशी मी त्याला तसाच उभा ठेवला, ‘नीट म्हणेपर्यंत जाग्यावर जायचं नाही.’ मधली सुट्टी झाली तरी तो उभा. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की तोतरं बोलणारी माणसं समूहात एकसाथ बोलताना किंवा गाताना बहुधा अडखळत नाहीत, एकट्याने बोलताना अडतात. मी त्याचं अडणं म्हणजे उर्मटपणा असं वाचलं होतं. आणि वाचताना मला जराही शंका आली नव्हती.

माणूस गप्प बसला तरी काहीतरी सांगतोच, हे पॉल वाट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मांडलेलं सूत्र आहे. ते खरंच आहे. पण काय सांगतो हे ऐकणारा ठरवतो, आणि ऐकणारा बऱ्याचदा स्वतःचंच ऐकत असतो. अमेरिकेतल्या शाळांत 1892 पासून झेंड्याला वंदन करून प्रतिज्ञा म्हणतात. त्या वंदनात उजवा हात झेंड्याकडे सरळ पुढे करायचा असे. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग हिटलर आला, आणि पोरं वर्गात तोच हात पुढे करताना बघून लोकांच्या अंगावर काटा यायला लागला. डिसेंबर 1942 मध्ये कायद्याने तो हात छातीवर आणला. हात तोच, पोरं तीच, झेंडाही तोच. बदलले ते बघणाऱ्यांचे डोळे.

त्याच देशात त्याच काळात याच पंथाच्या मुलांनी वंदन नाकारलं होतं. 1940 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी मुलांविरुद्ध निकाल दिला. पुढे काय झालं? या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले, मारहाण झाली. जमावाने निकालाचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. तीनच वर्षांनी, 14 जून 1943 ला, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. आधी सक्तीच्या बाजूने असलेल्या तीन न्यायाधीशांनी मत बदललं. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की चिन्हात माणूस स्वतः घालतो तोच अर्थ त्याला मिळतो, आणि सक्तीने आणलेली एकी ही स्मशानातली एकी असते. आपल्या केरळच्या निकालात या खटल्यांची चर्चा आहे.

मुख्याध्यापक ‘चार हुतात्म्यांचं गाव’ म्हणाले. म्हणू देत, आपल्याला ते नाव घ्यायला आवडतंच. पण 1930 चा मार्शल लॉ आठवा. तेव्हा या गावात तिरंगा बाळगणं गुन्हा होता. काय उंच धरायचं आणि कशापुढे मान तुकवायची हे लष्कर ठरवत होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. चार माणसं, चार घरं, देवघरंही निरनिराळी. हुकमाने मान मिळवायचा प्रयोग सोलापूरवर एकदा होऊन गेलाय आणि तो कुणी केला होता हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

तुम्ही विचाराल, उद्या आणखी दहा जण म्हणतील आम्हीही म्हणत नाही, मग? तर बघा त्यांच्याकडे. खिदळत असतील, ढकलाढकली करत असतील, तर ते शिस्तीचं काम आहे आणि तुम्हाला ते जमतं. घरच्या श्रद्धेमुळे वर्षानुवर्षं एकसारखं वागणारं मूल आणि कंटाळा आलेलं मूल यांतला फरक सातवीच्या बाईला कळत नाही, असं मला कुणी सांगू नये.

आता सोमवारपासून काय.

व्हिडिओ आधी काढायला लावा. तुम्ही त्या पालकाशी भांडू नका. शाळेच्या नावाने ग्रुपवर मुख्याध्यापकांचा दोन ओळींचा निरोप जाऊ द्या: मुलांचं चित्रण शाळेच्या परवानगीशिवाय टाकू नये, टाकलेलं काढावं. मुलीचा उल्लेखही नको. तिच्यासाठी बाजू मांडायला गेलात तर तीच पुन्हा चर्चेत येईल.

तिला रांगेतून हलवू नका. कुणीतरी सुचवेल, ‘परिपाठाच्या वेळी तिला वर्गातच बसू द्या, म्हणजे वाद नको.’ अजिबात नाही. रिकामी जागा मिटलेल्या ओठांपेक्षा जास्त बोलते, आणि तुमच्याच बाकीच्या साठ पोरांना रोज शिकवते की जी आपल्यासारखी नाही तिला बाहेर बसवायचं असतं. तिला पहिल्या रांगेत नको, शेवटच्या रांगेतही नको. उंचीप्रमाणे जिथे येईल तिथे.

वर्गात तिच्याबद्दल भाषण देऊ नका. पोरांनी विचारलं तर एवढंच सांगा, ‘ती उभी राहते ना? मग झालं.’ जमलं तर एक तास प्रतिज्ञेला द्या. ‘पाईक’ म्हणजे काय, विचारा. मी पैजेवर सांगते, वर्गात तिघांनाही सांगता येणार नाही. मी विचारलं होतं तेव्हा एकाने ‘पाइप’ सांगितलं होतं. ‘सौजन्य’ विचारा. ‘प्रत्येकाशी’ यात कोण कोण येतं, तेही विचारा, पण तिच्याकडे न बघता.

तिची तुम्ही माफी मागायला हवी असं मला वाटतं. मोठा समारंभ नको. वही तपासताना हळूच म्हणा, ‘परवा मी म्हटलं ना, नुसते शब्द आहेत, ते माझं चुकलं.’ तिला कळेल.

मुख्याध्यापकांना केरळच्या निकालाची छापील प्रत द्या. चार लोकांसमोर देऊ नका, ते अडून बसतील. शाळा सुटल्यावर, शिपाई चहा ठेवून गेला की द्या आणि ‘सर, उद्या कुणी वरून विचारलं तर आपल्याकडे हे असावं’ एवढं म्हणा. माणूस वाईट नाही, फोनांनी गांगरलाय.

आणि परिपाठाच्या पाळ्यांचा तक्ता एकदा काढून बघा. तिचा क्रमांक प्रतिज्ञेच्या दिवशी येत असेल तर बदलून तिला दिनविशेष द्या. तुम्ही लिहिलंय तशी हुशार असेल तर ती घरून शोधून आणेल आणि माइकवर स्वच्छ वाचेल. तिचा आवाज पोरांनी अजून ऐकलेलाच नाही.